बांधलेली होडी

रियाधमध्ये माझे टॅक्सीवाले ठरलेले होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मी चाचा म्हणायचे, ते मला ताई. मूळचे रायगडच्या खाडीकाठचे. गाडीत बसले की ते आधी चपला काढून सीटखाली सारायचे आणि अनवाणी पायाने ब्रेक दाबायचे. "होडीत कोण चपला घालतं?" हे त्यांचं उत्तर. शहरातल्या ओलाया भागातल्या ट्रॅफिकमध्ये मला त्याचं फार हसू यायचं.

त्या सकाळी मी मागे बसून प्रेझेंटेशन चाळत होते. मध्य अमेरिकेत, माया लोकांच्या जुन्या देवळांभोवतीच्या जंगलात पर्यटन कसं वाढवावं, हे क्लायंटला सांगायचं होतं. 'स्थानिकांना रोजगार' या पानावर खारफुटीत होडी वल्हवणाऱ्या माणसाचा फोटो मी मोठ्या हौसेने टाकला होता. सिग्नलला तो चाचांना दाखवला.

चष्मा कपाळावर चढवून त्यांनी निरखून बघितलं. "ताई, होडी तर खुंटाला बांधलेली आहे. हा वल्हवतोय कुठं?"

खरंच, दोर स्पष्ट दिसत होता. मी ओशाळले.

"आमच्या खाडीतपण आता हॉटेलवाले पाहुणे फिरवतात," ते म्हणाले. "बोटी त्यांच्याच. आमची पोरं दारात सलाम ठोकायला." सिग्नल सुटला. "माझी होडी चालली असती, तर मी इथं कशाला आलो असतो?"

ऑफिसात पोचताच मी तो फोटो उडवला आणि त्या जागी एकच वाक्य लिहिलं: होड्या गावकऱ्यांच्याच मालकीच्या असाव्यात.

क्लायंटने विचारलं, "हे कुणी सुचवलं?"

"एका होडीवाल्याने," मी सांगितलं.