एकशे तीनने गेलेला भाग

मी दादू, पोस्टमन. पोस्टकार्डं उघडीच येतात, म्हणून मी ती वाचतो. न वाचणारा पोस्टमन मला दाखवा. रत्नागिरीत माझ्या वाटेवर रावजी मास्तर राहतात. गणिताचे, आता निवृत्त. बायको गेली, मुलगा मुंबईत. त्यांना कार्ड लिहिणारा जगात एकच माणूस, दाभोळचे श्रीपती मास्तर. आणि कार्डावर काय, तर नुसती एक संख्या. ना खुशाली, ना नमस्कार.

बत्तीस वर्षं हा खेळ चालला. एकाने भलीमोठी संख्या पाठवायची, दुसऱ्याने हाताने भागाकार करून ती मूळ की संयुक्त ते ठरवायचं. संयुक्त असली तर अवयव कळवायचे. उत्तर पोचलं की मगच पुढची संख्या. कॅल्क्युलेटरचं नाव काढायचं नाही.

गेल्या मार्गशीर्षात कार्ड आलं: ९८,८८,००,७२१. चौथ्या दिवशी श्रीपती मास्तर गेल्याचं कळलं.

तरी आमचे मास्तर पडवीत वही घेऊन बसलेलेच. रोज दहा भागाकार. ही संख्या मूळ म्हणायची तर एकतीस हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं, असं त्यांनीच मला समजावलेलं. एकीनेही पूर्ण भाग गेला की काम संपलं. आठ महिन्यांत ते एकवीस हजारांच्या पुढे गेले. जेवण एकवेळ, बोलणं त्याहून कमी. मी दिसलो की तेवढं विचारायचे, माझं काही आहे का. मला भयंकर राग यायचा. गेलेल्या माणसाने जित्या माणसाला काय हे कामाला लावलंन!

शेवटी परवा ती संख्या मी माझ्या मुलीला, वेदिकाला दिली, ती कॉलेजात आहे. तिने मोबाइलमध्ये घातली आणि माझा चहा गाळून होतोय तोवर सांगितलं, एकशे तीनने भाग जातो. फक्त एकशे तीन! म्हातारा इतक्या लवकर चुकला म्हणून वाईट वाटलं, आणि आता सुटेल म्हणून बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं टपाल नसताना मुद्दाम गेलो.

"मास्तर, एकशे तीनने जातो हो भाग."

त्यांचं पेन थांबलं नाही. "ठाऊक आहे. तिसऱ्याच दिवशी गेला."

वहीच्या मागून त्यांनी एक कार्ड काढलं. दाभोळचा पत्ता, खाली दोन्ही अवयव, नीट अक्षरात. चौथ्या दिवशी सकाळी ते पेटीत टाकायला निघाले होते, तेवढ्यात श्रीपती मास्तरांच्या मुलीचा, भार्गवीचा फोन आला.

"मग हे आठ महिने कशाला?"

"उत्तर निघालं म्हटलं की पुढची संख्या यायला हवी, दादू. ती आता कोण पाठवणार?"

मी तसाच उठलो. पायरी उतरताना मागून त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, माझं काही आहे का. मी पिशवीत हात घालून उगाच बराच वेळ शोधत राहिलो.