आपणच पाठवलंत ना?

वसंतरावांना मोबाइलवर काहीही पाठवा, थोड्याच वेळात त्यांचा फोन यायचा. "आपलं काहीतरी आलंय. आपणच पाठवलंत ना?" मी एकदा नुसतं सुप्रभाताचं फूल पाठवलं, तेव्हाही आला. हो म्हटल्यावर म्हणाले, "मग ठीक. आता पाहतो. नाही पाहिलं तरी चाललं असतं म्हणा."

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस कोथरूडच्या आमच्या सोसायटीत एकटाच राहायचा. पत्नी कधीच गेलेली, मुलगा मंदार हिंजवडीला. वीज तोडण्याची धमकी, बक्षिसाचा निरोप, बँकेच्या नावाची लिंक, काहीही आलं की माणसं आधी त्यांच्याकडे धावायची. "लिंक म्हणजे दार. बाहेर कोण उभंय ते न विचारता कडी काढता का घरी?" असं आधी खेकसायचे. मग शांतपणे समजावायचे: नाव ओळखीचं असलं तरी दाबायचं नाही, ज्याचं नाव आहे त्याला आधी फोन करायचा. त्यांचा तिरकसपणा आम्ही सगळे सोसायचो, कारण त्यांच्यामुळे कितीतरी घरं वाचली होती.

त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. वसंतरावांनीही स्थळं सुचवली होती. एके दुपारी त्या मित्राच्या नंबरवरून निरोप आला: शुभविवाह, पत्रिका पाहण्यासाठी इथे दाबा. त्या दिवशी मात्र त्यांनी फोन केला नाही. पुढे मला म्हणाले, "अहो, 'आम्हाला खरंच बोलावलंत का' असं विचारायचं? कसं दिसतं ते!" पत्रिका काही उघडेना, म्हणून मोबाइल मागेल ती परवानगी ते देत गेले. संध्याकाळपर्यंत तीच पत्रिका त्यांच्या नावाने सगळ्या सोसायटीत पोचली.

वसंतराव अनवाणीच दारोदार फिरले. "उघडू नका, मी पाठवलेलं नाही!" वरच्या मजल्यावरच्या सुलभाताईंच्या दारात पोचेपर्यंत उशीर झाला होता. यजमानांच्या डायलिसिससाठी ठेवलेले पैसे गेले होते. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काका, तुमचं नाव होतं म्हणून उघडलं हो."

वसंतरावांचं स्वतःचं खातंही रिकामं झालं होतं, पण त्याबद्दल ते कधी अवाक्षर बोलले नाहीत. सुलभाताईंचं ते वाक्य मात्र त्यांना खात राहिलं. लिफ्टमध्ये कुणीतरी विचारलं, "काय काका, पुढचं लग्न कधी?" पुण्यात असं बोलायला माणूस कमी पडत नाही. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वसंतराव, ज्यांनी एरवी त्याला जन्माची अद्दल घडवली असती, खाली मान घालून उभे राहिले. पुढे मंदार त्यांना हिंजवडीला घेऊन गेला. निघताना ते कुणालाच भेटले नाहीत.

परवा सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्या नंबरवरून निरोप आला: वसंतराव गेले. अंत्यविधी दुपारी, पत्ता खालच्या लिंकवर. लगेच कुणीतरी लिहिलं, "कुणीही दाबू नका. काकांचा फोन पुन्हा हॅक झालाय." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

मीही लिंक दाबली नाही. त्यांच्या नंबरवर फोन लावला. मंदारने उचलला. पोराला हे कसं विचारावं कळेना, पण विचारायला तर हवंच होतं, त्यांनीच लावलेली शिस्त ती. म्हटलं, "अरे मंदार, बाबा... खरंच गेले का रे?"

पलीकडून तो म्हणाला, "हो काका. सकाळपासून फोन हातात घेऊन बसलोय. कुणी विचारलंच नाही."