हळदीकुंकू लावलेली पेटी

डॉ. वसुधा शिंत्रे, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या शिंत्रे बाई, पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला बाईंच्या पहिल्या भेटीपासून सुरुवात करायला सांगितलं. सांगते, पण त्यात आमच्याच घराची फजिती आहे.

राधानगरीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. दारात म्हशी, खाली भाताची खाचरं. मला कोल्हापूरला वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली होती आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती सोडायचं ठरवलं होतं. फी सवलतीत बसत होती. पण वसतिगृह, खाणावळ, विटेसारखी फेकून मारावीत अशी जाडजूड पुस्तकं आणि शरीररचना शिकायला लागणारा खऱ्या हाडांचा संच यांना सवलत नव्हती. "फी म्हंजे नुसता उंबरा हाय. घर त्येच्या पुढं हाय," असं आबा म्हणाले आणि धारा काढायला गेले. मी पदवीसाठी तालुक्याच्या गावी जायची तयारी करू लागले.

अशात एका सकाळी एसटीतून एक करारी बाई आणि त्यांच्यामागे डोक्यावर पत्र्याची पेटी घेतलेला एक उंच तरुण उतरला. चौकशी करत दोघं थेट आमच्या दारात आले. लग्नाच्या वयाची मुलगी घरात, दारात पोक्त बाई, सोबत तरणाताठा मुलगा आणि पेटी. आईला दुसरं काय वाटणार? तिनं पाय धुवायला पाणी दिलं, पेटी देवघरासमोर ठेवून घेतली आणि तिला हळदीकुंकू लावलं. मला आत ढकलून साडी नेसायला लावली.

"पावणं, पोरगा काय करतोय?" आबांनी विचारलं.

"डॉक्टरकीला हाय. दुसरं वरीस," बाई म्हणाल्या.

आबांची छाती फुगली. "आनी गाव?"

"गडहिंग्लजकडचा. बसवराज नाव."

"आमची पोरगी बी शिकल्याली हाय बरं का," आबा म्हणाले.

"म्हणून तर आलोय," बाई म्हणाल्या आणि बसवराजला म्हणाल्या, "उघड रे पेटी, दाखव."

शालू निघेल या आशेनं आई पुढं वाकली. निघाली कवटी.

आईची किंकाळी खालच्या आळीपर्यंत गेली. बसवराज बिचारा "अक्का, घाबरू नका, अभ्यासाची हाय," म्हणत एका हातात मांडीचं हाड धरून तिच्या मागं धावला, त्यामुळे ती आणखीच पळाली. शिंत्रे बाई मात्र भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "पोरगी बघायलाच आलोय हो, पण सून म्हणून न्हवं. जागा मिळून ही हजर का झाली नाही, ते बघायला आलोय."

ही बाईंची कामाची पद्धत. त्या तेव्हा आमच्या महाविद्यालयात शरीररचना शिकवत. प्रवेशाच्या दिवसांत इतर प्राध्यापक आलेल्या मुलांकडं बघायचे, बाई न आलेल्यांना शोधत गावोगाव जायच्या. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत जुन्या विद्यार्थ्यांनी परत केलेल्या वस्तूंच्या पेट्या असत. वैद्यकीयवाल्यांची हाडं, अभियांत्रिकीवाल्यांची रेखाटनाची साधनं, वकिली शिकणाऱ्यांचे ग्रंथ, परिचारिका होणाऱ्या मुलींचे गणवेश. मुलांना राहायला त्यांनी शहराच्या पेठांमधली घरं मिळवली. घरातल्या पोरांचा अभ्यास घ्यायचा आणि त्याच घरात राहायचं, जेवायचं. कुणी कुणाचं मिंधं नाही.

हे सगळं ऐकूनही आबा बधले नाहीत. "बाई, तुमी मोठ्या हायसा. पर फुकटचं आमच्या घरात चालत न्हाय."

"फुकट कोण देतंय तुम्हाला?" बाईंचा आवाज चढला. "ह्याचं वरीस झालं, ह्यानं पेटी तुमच्यात आणली. पुढच्या वर्षी तुमच्या पोरीनं ती दुसऱ्याच्या दारात न्यायची."

"पोरीला एकटीला कुटं धाडनार न्हाय मी."

"मग तुम्ही जायचं संगट. पेटी तुम्ही उचलायची. आहे कबूल?"

आबा अडकले. दान नाकारता येतं, पण ओझं उचलायला नाही म्हणणं आमच्याकडं पुरुषाला शोभत नाही. त्यांनी पेटी उचलून तिचं वजन बघितलं. मग आईला हाक मारून म्हणाले, "कोंबडं काप. पावणं जेवून जात्याल."

शिंत्रे बाई शाकाहारी आहेत हे तेव्हा कुणाला ठाऊक! त्यांनी भाकरी-ताकावर जेवण उरकलं आणि त्यांच्या वाट्याचा रस्सा बसवराजनं ओरपला. मी डॉक्टर झाले ती त्या पंगतीत. बाकीची वर्षं नुसती परीक्षांची होती.

त्या दिवसापासून नियमच झाला. पेटी मागच्या विद्यार्थ्यानं पुढच्याच्या घरी न्यायची, सोबत त्याच्या आईनं किंवा वडिलांनी जायचं आणि तिथं जेवायचं. बाई म्हणतात, "पुस्तक टपालानं जातं, धीर जात न्हाय. त्याला माणूस लागतंय."

बाईंचा राग हाही त्यांच्या कार्याचाच भाग आहे. एका खासगी महाविद्यालयानं विद्यार्थ्यांनी पांढरा कोट संस्थेच्याच दुकानातून घ्यावा अशी सक्ती केली होती. सल्लागार म्हणून बोलावलेल्या बाई बैठकीला दोन कोट घेऊन गेल्या, एक त्या दुकानातला आणि दुसरा आपल्या गल्लीतल्या शिंप्यानं शिवलेला. "ओळखा, कुठला तुमचा?" अध्यक्षांनी निरखून, चाचपून बोट ठेवलं ते शिंप्याच्या कोटावर. सक्ती त्याच बैठकीत उठली. बाईंना पुढच्या बैठकीचं बोलावणं मात्र आलं नाही. त्याबद्दल त्यांनी आम्हा सगळ्यांना, म्हशी समोर पिळून दूध देतात त्या कट्ट्यावर नेऊन धारोष्ण दूध पाजलं.

आज मी त्याच विभागात शिकवते, जिथं बाई शिकवायच्या. बसवराज सीमेवरच्या गावात दवाखाना चालवतो. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत आमच्या पेट्यांवर शिकलेले अभियंते आहेत. ज्या घरांनी शिक्षण म्हणजे आपलं काम नव्हे असं धरलं होतं, त्या घरांतून आता पुढच्यांसाठी पेट्या निघतात. बाई, तुम्ही जिंकलात. हे तुम्हाला आवडणार नाही, तरी छापून राहू दे.

आणि आबा? माझी पेटी पोचवून झाली तरी ते थांबले नाहीत. गुडघे कुरकुरतात, पण दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पेटीबरोबर जातात. यंदा आम्ही दोघं जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान असलेल्या एका घरी गेलो. त्यांच्या मुलीला माझ्याच महाविद्यालयात जागा मिळाली होती. तिचे वडील हात जोडून म्हणाले, "फुकटचं नको वाटतंय."

आबा पेटीवरच बसले. "व्हय की. मीबी आक्षी ह्येच म्हनलो हुतो," म्हणाले आणि माझ्याकडं बोट केलं. "ही बघा त्येच फुकटचं. आता तुमच्या पोरीला शिकीवनार."

मुलगी दुसऱ्या दिवशी हजर झाली.

शिंत्रे बाईंना निरोगी, भरघोस आयुष्य लाभावं, असं मी लिहितच होते. आबांनी शेजारी बसून ते वाचून घेतलं आणि ते फार मिळमिळीत आहे म्हणाले. तेव्हा आमच्या साऱ्या परिवाराच्या वतीनं आबांचंच वाक्य देते:

"बाई, तुमच्या शंभरीच्या सालातली पेटी उचलायला मी हाय. तुमी जेवायला यायचं. कोंबडं न्हाय करत."