बांधापलीकडचे बल्ब

सांगवीत आमच्या बांधाला लागून माझ्या चुलत दिरांचं रान आहे. त्यांनी तिथं ड्रॅगनफ्रूट लावलं आणि बिनमोसमी फळ धरायला ओळीओळीवर बल्ब टांगले. दिवस मावळला की चार-पाच तास सगळं रान पिवळंजर्द. रस्त्यावरचे लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे. पहिले दोन दिवस मलाही कौतुक वाटलं, हे कबूल करते.

मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी मी शेवंती केली होती. बांधाकडच्या ओळी नुसत्या पाल्यानं माजल्या, कळी म्हणून दिसेना. रोपं खोटी दिली म्हणून मी काटेवाडीला जाऊन रोपवाटिकेवाल्याला चार माणसांत नको नको ते बोलले. तो बिचारा माझ्यामागोमाग गाडीवर आला, रानात फिरला आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं थांबला. बल्बांचा उजेड खोलीआड अडत होता आणि तिथली रोपं कळ्यांनी लगडली होती.

"मावशी, शेवंतीला लांब रात्र लागती. ह्या बल्बांमुळं रात्र झालीय हेच तिला कळंना."

मी त्याची माफी मागितली आणि तशीच दिरांच्या दारात गेले.

"भावजी, बल्ब बंद करा."

"वैनी, ज्यानं बल्बचा शोध लावला त्याच्याशी भांडा की," ते हसत म्हणाले. "रात-रात जागून तारा जाळत बसायचा म्हणं."

"त्याला झोप येत न्हवती, म्हणून माझ्या शेवंतीची झोप मोडायची व्हय?"

ते आणखीच हसले. जाऊबाईही पदराआड हसल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी घरातल्या जुन्या साड्या, चादरी, खताच्या फाडलेल्या गोण्या, सगळं मी बांधावरच्या तारेला बांधलं. संध्याकाळी बल्ब लागले आणि लोकांच्या फोटोंत माझी लक्तरं यायला लागली. दीर तणतणत आले.

"वैनी, लोक हसत्यात!"

"हसू द्या. काल तुमी न्हाय का हसला?"

कळ्या आल्या, पण चारही गुरुवार होऊन गेल्यावर. पौषात शेवंतीला कोण विचारतंय? निम्मी फुलं रागानंच शेळ्यांपुढं टाकली.

नंतर एकदा जाऊबाई ड्रॅगनफ्रूटची पाटी घेऊन आल्या. मी एक फळ त्यांच्यासमोरच कापून खाल्लं. बाहेरून लालभडक, आत चवीच्या नावानं बोंब. तसं तोंडावर सांगितलं आणि पाटी तेवढी ठेवून घेतली.