ऑर्कुटवरचा दहावीचा वर्ग

माणिकपूरच्या एका मराठी शाळेत सुमेधा राऊत विज्ञान शिकवत. आवाज खणखणीत, आणि स्वतःवरचा विश्वास त्याहून खणखणीत. २००८ साली बाकीचे शिक्षक ऑर्कुट या ओळखी-गप्पांच्या साइटचं नाव शिवीसारखं घेत होते, तेव्हा बाईंनी तिथे दहावीची कम्युनिटी, म्हणजे वर्गाचा गट, काढला. वर्गात मूग गिळून बसणारी पोरं संध्याकाळी तिथे धडाधड प्रश्न विचारू लागली. मेलिसाला वर्गात भिंगाची आकृती कधी कळली नव्हती, तिने ती इथे दुसऱ्यांना समजावून दिली. बाई खूश होत्या, आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ते ऐकवतही होत्या.

मग एका शनिवारी मेलिसाची आई, रिटा डाबरे, शाळेत आली. विमा कंपनीत नोकरी करणारी, मोजकं बोलणारी बाई. घरी एका अनोळखी माणसाचे फोन येत होते. क्लास सुटल्यावर मेलिसा चर्चजवळ कुठे थांबते, हे त्याला ठाऊक होतं. मेलिसानेच ते ऑर्कुटवर मैत्रिणीच्या स्क्रॅपबुकात, म्हणजे निरोपांच्या पानावर, लिहिलं होतं, घरच्या नंबरासकट. तिथलं सगळं जगाला वाचता येतं, हे तिच्या गावीही नव्हतं. पोलिसांत तक्रार झाली होती. आता मेलिसा त्या साइटवर दिसता कामा नये, असं रिटाने बजावलं. परीक्षा तोंडावर होती, आणि पोरीचं विज्ञान नुकतं कुठे मार्गी लागलं होतं.

बाईंनी संगणकावर कम्युनिटी उघडून समजूत घालायला सुरुवात केली. कम्युनिटी अभ्यासाची आहे, तिथे वावगं काही चालत नाही, वगैरे. रिटाने पडद्याकडे बोट केलं.

“टीचर, तुमच्या नावापुढे जास्वंदीचं फूल आहे. माझ्या मुलीच्या नावापुढे माझी मुलगी आहे.”

आपला चेहरा कुणी बघू नये म्हणून बाईंनी पहिल्याच दिवशी फोटोच्या जागी फूल लावलं होतं, आणि मुलांना ते सांगायचं सुचलंच नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली. पण खचून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“मला सोमवार द्या,” त्या म्हणाल्या. “मंगळवारी तुम्ही परक्या माणसासारखं मेलिसाला शोधा. सापडली, तर मी हे सगळं बंद करते.”

सोमवारी धडा बाजूला राहिला. संगणकाच्या खोलीत बाई प्रत्येकाच्या मागे उभ्या राहून एकच विचारत होत्या, हे रिक्षा स्टँडवर उभं राहून मोठ्याने सांगशील का? नाही म्हटलं की पुसायचं. फोटो गेले, आडनावं गेली, शाळेचं नाव गेलं. स्क्रॅपबुकं मित्रांपुरती झाली, आणि कम्युनिटीत शिरायला बाईंची परवानगी लागू लागली. बाइकवर बसून काढलेला फोटो हटवताना एकाचा चेहरा पडला, तरी बाई बधल्या नाहीत.

मंगळवारी ऑफिसातून येताना रिटा थेट सायबर कॅफेत जाऊन बसली. तिने नावाने शोधलं, आडनावाने शोधलं, शाळेवरून शोधलं, मैत्रिणींवरून शोधलं. इकडे बाईंचं स्वयंपाकात लक्ष नव्हतं. अखेर फोन वाजला.

“आजपासून बसू दे तिला तिथे,” रिटा म्हणाली. “टीचर, आपली पोर कुठेच सापडत नाही म्हणून एवढं हायसं वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.”