फळ्यावरचा कष्टकरी

देवाच्या नव्हे, मजुराच्या तसबिरीला नमस्कार करून तुम्ही कधी दिवसाची सुरुवात केली आहे काय? नाही ना? मी केली आहे. वर्षानुवर्षे केली आहे.

चहा तुम्ही घ्या. मला गूळपाणी पुरे. विषय निघालाच आहे, तर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. गावात ती तुम्हाला कोणीही सांगेल, पण तिखटमीठ लावून. मी जशी घडली तशी सांगतो. तिला वेगळ्या तिखटाची गरजच नाही!

स्वातंत्र्य येऊन थोडी वर्षे झाली होती. सावलीजवळच्या एका गावी मी शाळामास्तर होतो. मूळचा वर्ध्याकडचा, कापसाच्या मुलखातला. गळ्यात तुळशीची माळ, अंगावर पांढरे धोतर आणि सदरा, आणि वर्गात कोणी हसलेले मला खपत नसे.

जंगल खात्यातला एक गोरा साहेब मायदेशी जाताना आपली पुस्तके शाळांना वाटून गेला होता. त्यातले एक आमच्या वाट्याला आले. शंभर वर्षांचे जुने, पुठ्ठा गेलेला, पाने सुटलेली. इंग्रजी मला बेताचेच. परंतु चित्रे काय सांगू तुम्हाला! गोष्टीगोष्टीला चित्र, आणि चित्रात राजा नाही, राणी नाही. कोळसा वाहणारा, जाळे विणणारी म्हातारी, लोहार, मोळीवाली. जणू सुईच्या टोकाने कोरलेली. आणि त्या साऱ्यांत एकही माणूस हसत नव्हता! मला ते फार आवडले.

त्यातले एक पान तर माझ्या मनातच बसले. संध्याकाळचे शेत, तीन बाया आणि एक पुरुष, हातातले काम थांबलेले, माना खाली. मी ते काचेत बसवून फळ्याच्या वर टांगले आणि नियम केला: प्रार्थना झाली की या कष्टकऱ्यांपुढे मस्तक झुकवायचे. आधी गुरुजींनी, मग मुलांनी.

एवढ्यावर थांबलो असतो तर आज तुमच्यापुढे ताठ मानेने बसलो असतो. पण नाही! मी कष्टाच्या महतीवर एक पुस्तक लिहिले. माझ्या कित्येक संध्याकाळी त्यात गेल्या. शाळा तपासणारे साहेब ते मंजूर करतील आणि जिल्ह्यातल्या शाळाशाळांत ते जाईल, एवढीच माझी आस होती. चांद्याच्या छापखानेवाल्याने निरोप धाडला: पहिल्या पानावर चित्र हवे, आणि ते ताबडतोब; नाहीतर पुस्तक पुढल्या वर्षावर गेले. चित्राखालची ओळ मी लगेच पाठवून दिली. 'मूक कष्टकरी. वाचका, मस्तक झुकव.' आता फक्त चित्र काढायचे राहिले होते.

गावात तुळशीराम चितारी होता. बैलगाड्यांवर मोर आणि देवळांवर मारुती काढी. त्याला मी काचेतले चित्र दाखवले. "अगदी असेच पाहिजे. फक्त बाया आपल्या."

"मंग रोवण्यात जाऊ ना, गुर्जी," तो म्हणाला. रोवणा म्हणजे भातलावणी. "जे दिसन ते काढतो. मले मनातलं येत नाई."

तळ्याखालच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, दौलत पाटलांच्या. त्यांच्याकडे परवानगी मागायला गेलो.

"उद्या या, गुर्जी. उद्या रोवणा सरते. लय साजरं दिसते."

"आपण असालच."

पाटलांना खोकला आला. "मी? मले सिंदेवाहीले जाना आहे. तुमीच उभे राहा ना धुऱ्यावर माह्या जागी. बायायले सांगजा, आज मीच मालक म्हनून."

केवढा हा विश्वास! माझा ऊर भरून आला. आत पाटलीणबाई तोंडाला पदर लावून का उठून गेल्या, हे विचारण्याची बुद्धी मला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी धुतलेले धोतर नेसून, छत्री आणि काचेतली तसबीर घेऊन मी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उभा राहिलो. तुळशीराम कागद मांडून पळसाखाली बसला. बांधीत बाया ओळीने वाकून धानाची रोपे, पऱ्हे, लावत मागे मागे सरकत होत्या आणि मोठ्याने गाणी म्हणत होत्या. मधून कोणी काही बोले आणि अख्खी ओळ हसून लोळे. काम म्हणायचे की काय हे?

"गाणे बंद!" मी म्हणालो.

ओळीच्या टोकाला गिरजाबाई होती. तिच्या शब्दावर ओळ चाले. तिने कमरेवर हात ठेवला. "काऊन जी गुर्जी? गान्यानं धान जळते का?"

मी तसबीर उंच धरली. "बायांनो, हे पाहा. काम असे करतात. हसणे नाही, गाणे नाही. केवढे पावित्र्य आहे पाहा यांच्या चेहऱ्यावर!"

गिरजाबाईने चिखलाचे हात मागे घेतले आणि वाकून बराच वेळ चित्र पाहिले. मग हळूच विचारले, "कोन मेलं जी यायच्यात?"

बाया पुन्हा लोळल्या! मी संतापलो.

"हसू नका! आज मी मालकाच्या जागी आहे!"

हसणे थांबले. बायांनी एकमेकींकडे पाहिले.

"पाटील कुठी गेले?" गिरजाबाईने विचारले.

"सिंदेवाहीला. आज मालक मीच."

"पक्कं ना जी? मांगून नाई म्हनसान."

"मी दिलेला शब्द फिरवत नसतो," मी माळेला हात लावून सांगितले.

आणि काय चमत्कार! गाणे बंद. बोलणे बंद. साऱ्या माना खाली. नुसते हात चालत होते आणि चिखलाचा आवाज तेवढा येत होता. माझ्या शब्दाचे हे वजन! मी हळूच तुळशीरामाला म्हणालो, "काढ! हेच ते! लवकर काढ!" पाण्यात वाकलेल्या त्या पाठी थरथरत होत्या. मला वाटले, भक्तिभावाने.

शेवटची मूठ लागली. गिरजाबाई हातात चार पऱ्हे घेऊन धुऱ्यावर आली आणि माझ्या पायांशी बसली. मी अवघडलो. "अहो बाई, पाया पडू नका. मी साधा मास्तर."

"मान आहे जी मालकाचा. सरत्या रोवण्यात द्याच लागते."

मी डोळे मिटून आशीर्वादासाठी हात उचलला. उघडले तेव्हा दोन्ही पाय पऱ्ह्यांनी करकचून बांधलेले होते.

पुढचे काय सांगू? पहिला गोळा सदऱ्यावर आला, दुसरा टोपीवर. तिसरा दोन्ही हातांनी गालांना प्रेमाने चोपडण्यात आला. छत्री एका दिशेला, मी दुसऱ्या दिशेला, आणि उठून पाहतो तो मी गुडघाभर चिखलात, बांधीच्या मध्ये उभा! भोवती बायांचा फेर.

"बोजारा द्या, मालक! बोजारा द्या!"

"म्हणजे काय?"

"जेवन जी! रोवणा सरला का मालकानं बायायले जेवू घालाव. बकरा कापा!"

बकरा! माझ्या गळ्यात माळ! "शिव शिव! ते माझ्या हातून होणार नाही."

"मंग गानं म्हना," गिरजाबाई म्हणाली. "तुमी आमचं बंद केलं. आता तुमी म्हनाल तवाच सोडू."

बांधीत उभे राहून मी अभंग म्हटला. दुसरे मला येतच नव्हते. आवाज फाटका, नाकातोंडात चिखल. तरी बायांनी टाळ्या धरल्या आणि शेवटची ओळ माझ्यामागून उचलली. खरे सांगू? इतका रंग माझ्या भजनाला त्यापूर्वी कधी भरला नव्हता. हे मात्र कोणाला सांगू नका.

घरी आलो तो तापाने फणफणलो. तुळशीरामाला निरोप दिला, चित्र मला दाखवण्यात वेळ घालवू नकोस, पहिल्या मोटारीने चांद्याला धाड. तसे त्याने केले.

पुस्तके आली. पहिले पान उघडले. बाया कुठेच नव्हत्या. भर बांधीत एकटा माणूस: अंगभर चिखल, हात वर, जबडा घशापर्यंत वासलेला. खाली ठसठशीत अक्षरांत, 'मूक कष्टकरी. वाचका, मस्तक झुकव.'

"तुळशीराम! हे काय केलेस?"

"मी काय करू जी?" तो म्हणाला. "साऱ्या बाया हालून राह्यल्या होत्या. एकटे तुमीच उभे होते."

पाय बांधलेला माणूस हलणार कुठे!

दिवाळीनंतर साहेब तपासणीला आले. पुस्तक चाळले आणि पहिल्या पानावर थांबले. साहेब कधी चित्राकडे, कधी भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहत होते.

"गुरुजी, देश आपला झाला. हे परके मजूर किती दिवस पूजणार? याला म्हणतात कष्टकरी! काय अस्सल चेहरा आहे! शिक्षणाचा लवलेश नाही!"

मुलांच्या माना खाली गेल्या. बाके हलू लागली.

"कोण आहे हा?" साहेबांनी विचारले.

आयुष्यभर मुलांना सत्य शिकवले होते. पण पुस्तकावर साहेबांची सही अजून व्हायची होती. मी म्हणालो, "इथलाच आहे, साहेब. गरीब आहे."

सही झाली. आणि जाता जाता साहेबांनी हुकूम केला की ती परकी तसबीर उतरवून काचेत हे चित्र बसवावे आणि नमस्काराचा उत्तम नियम तसाच चालू ठेवावा.

नियम माझाच. आधी गुरुजींनी, मग मुलांनी.

काही दिवसांनी गिरजाबाई मुलीचे नाव घालायला शाळेत आली. प्रार्थना नुकतीच संपली होती. अख्खा वर्ग गप्प, माना खाली, आणि सर्वांच्या पुढे मी, हात जोडून, त्या तोंड वासलेल्या इसमापुढे वाकलेला. ती दारातच थबकली. तसबिरीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पदर सावरत हळूच विचारले,

"कोन मेलं जी, मालक?"

मी मान वर केली नाही. आणि पेन्शनीत निघेपर्यंत रोज सकाळी तशीच, सर्वांच्या आधी, खाली घातली.