फरझानाच्या बशीतली कातडी

रोह्याची फरझाना पेणच्या एका छोट्या प्रयोगशाळेत माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवते. बशीत पेशींचा थर जमला की त्यावर बारीक ओरखडा काढायचा, मग पेशींना वाढायला लावणारा ग्रोथ फॅक्टर घालून ती फट कशी बुजते ते बघायचं, हे तिचं काम. घरी येऊन ती बापाला रंगवून सांगायची, "आज पोरी काठाला लागल्या, अब्बा!" पेशींना ती पोरीच म्हणे.

अब्बा, नूरमहंमद, बरीच वर्षं कुवेतला काढून आलेले. साखरेच्या आजारात त्यांच्या टाचेला जखम झाली नि चिघळली. एका संध्याकाळी पाय उशीवर टेकवून ते म्हणाले, "त्या तुझ्या औषधाचा एक थेंब आण गो. कुणाला कळतंय?"

"ते औषध नाय, अब्बा. ते पेशींना नुसतं 'वाढा' म्हणून सांगतं. प्रयोगासाठी बनवलेलं हाय, माणसाच्या पायासाठी नाय. तुमच्या जखमेत त्यानं काय वाढंल, कोण सांगणार?"

"परक्याच्या कातडीला देतेस, नि बापाला नाय?"

फरझानाने त्यांच्या पायाखालची उशी सारखी केली.

दुसऱ्या दिवशी फ्रीजरमधली ग्रोथ फॅक्टरची कुपी तिने हातात घेतली. थेंबभरच तर हवं होतं. पण तिने ते बशीतच घातलं, कुपी जागेवर ठेवली नि अब्बांसाठी डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी मेलेली कातडी काढली, टाचेवर भार येऊ नये अशी चप्पल दिली. पट्टी बदलायला फरझाना शिकली. रोज सकाळी ती पाय मांडीवर ओढून घ्यायची. अब्बा भिंतीकडे तोंड करून बसायचे.

एका सकाळी तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. प्रयोगशाळेतल्या सरांना विचारून तिने बशीतल्या पेशींची फिल्म आणली होती. दोन्ही काठांवरून पेशी हळूहळू सरकत होत्या, चाचपडत होत्या, नि शेवटी एकमेकींना भिडल्या.

अब्बा बघतच राहिले. "कुणाची गो ही कातडी?"

"नाव ठाऊक नाय. ऑपरेशनात निघालेली, कुणीतरी दान दिलेली."

अब्बांनी हात उचलून त्या अनोळखी माणसासाठी दुआ मागितली. मग पाय आपणहून लेकीच्या मांडीवर ठेवला.

जखम भरायला अख्खा पावसाळा गेला. टाचेवर गुलाबी, पातळ कातडी धरली तेव्हा अब्बा कुणाचा हात न धरता कुंडलिका नदीच्या काठापर्यंत चालत गेले. फरझाना त्यांच्या मागून, त्यांच्याच चालीने. त्या सकाळी तिची पेणची एसटी चुकली, नि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.